शेवटच्या सऱ्या

"काठी घे आन चल," सर्जेराव दारातूनच म्हणाले. "दुपारपतूर माझा फड निघतोय. चार-पाच सऱ्या राहिल्यात नुसत्या. आत डुक्कर हाय. टोळीतल्या बायका कोयता लावायला तयार न्हाईत."

भानुदास ओट्यावर बसून सायकलची चेन पुसत होता. तो उठून उभा राहिला, पण कोपऱ्यातल्या काठीकडे गेला नाही.

"आबा, यंदा मला सोडा."

"का? ताप आलाय?"

"न्हाय. शील घेतलंय. जीव मारायचा न्हाय, हात उगारायचा न्हाय."

सर्जेराव आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की गडी चेष्टा करत नाही. त्यांचा चेहरा पडला. "आरं पन पाटाच्या कोपऱ्यावर हुबा कोन राहनार? तितनंच फुटतंय जनावर दरवर्षी."

"तुमच्या सौरभला हुबा करा. तरना हाय, ताकद हाय."

"त्याला मोटारसायकलवर बसायची ताकद हाय," सर्जेराव म्हणाले आणि चपला वाजवत निघून गेले.

निरवांगीत उसाच्या फडाचा शेवट म्हणजे काय असतो, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. तोडणीची टोळी चारी बाजूंनी ऊस तोडत आत सरकते. उसात घर केलेले ससे, मुंगसं, रानमांजरं, एखादा कोल्हा, सगळे मागे मागे सरकत जातात आणि शेवटच्या चार-पाच सऱ्यांत जीव मुठीत धरून बसतात. मग गावातले गडी काठ्या आणि कुत्री घेऊन त्या तुकड्याला वेढा देतात. एरवी देवाला नारळ फोडताना डोळे मिटणारी माणसंसुद्धा त्या अर्ध्या तासात निराळीच होतात.

आणि त्या अर्ध्या तासाचा राजा म्हणजे भानुदास. पाटबंधारे खात्यात तो पाटकरी होता. पाटावर राखण करायची, पाणी चोरणाऱ्यांना हाकलायचं, त्यामुळे काठी नोकरीसोबतच हातात आलेली. ससा उडाला की बाकीचे तो होता तिथं मारायचे. भानुदास तो जिथं पडणार तिथं मारायचा. वर्षभर ज्यांच्या घराची पायरी तो चढत नसे, ज्यांच्याकडे त्याच्या चहाची कपबशी आजही बाहेरच्या कोनाड्यात असे, ते लोक त्या दिवशी त्याच्या खांद्यावर हात टाकून 'भानुदासराव' म्हणायचे. माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

पण मग तो घरी यायचा. अंग तापलेलं असायचं, कानात कुत्र्यांचा कालवा असायचा, आणि हात थांबलेला नसायचा. भाकरी जाड झाली, पाणी उशिरा दिलं, काहीही कारण पुरायचं. वर्षात इतर वेळीही तो भागुबाईला मारायचा, ते काही कमी नव्हतं. पण फडाच्या दिवशी मारायचा तसा कधीच नाही. गेल्या साली त्यानं कानाखाली मारली आणि तिच्या डाव्या कानातून रक्त आलं. त्या कानानं ती पुढं ऐकू शकली नाही. मध्ये पडलेल्या दिशाच्या गळ्याच्या हाडावरही एक बसली. दिशा त्यांची एकुलती एक, अकरावीतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी पिशवी भरून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. भानुदास मागोमाग गेला. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "मी कन्हेरीला मामाकडं चाललेय. तितनंच बारामतीला कॉलेजला जाईन. पुढच्या साली फड निघंल त्या दिवशी संध्याकाळी येईन. आईच्या अंगावर वळ दिसला न्हाय तर हितंच राहीन. दिसला तर तिला घेऊन जाईन, आन मग आमची वाट बघू नका."

एवढं बोलून ती गाडीत चढली. तेव्हापासून तिनं ना पत्र पाठवलं, ना निरोप.

त्याच पावसाळ्यात गावच्या शाळेवर संघपाल गुरुजी बदलून आले. वय अठ्ठावीस, मिशी धड फुटलेली नाही, पण त्यांनी वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी गट बसवायला सुरुवात केली. वंदना झाली, की अर्धा तास डोळे मिटून बसायचं. मग प्रत्येकानं पंचशीलातलं एक शील आपल्यापुरतं धरायचं आणि आठवड्यात कुठं पाय घसरला ते सगळ्यांसमोर सांगायचं. "भाषण नको," गुरुजी म्हणायचे, "भाषणं आपण चौदा एप्रिलला ऐकतो. आठवडा सांगा." गेणूनं दारूचं शील धरलं होतं. तो दर रविवारी हात जोडून "घसरलो गुरुजी" म्हणायचा, आणि इतक्या मनापासून म्हणायचा की कुणाला त्याचा राग येत नसे.

भानुदास पहिले काही रविवार नुसता भिंतीला टेकून बसला. पोरीसाठी आलो, एवढंच त्याला ठाऊक होतं. मग एकदा म्हणाला, "मंगळवारी म्हशीला मारलं. तिनं काय केलं न्हवतं."

कुणी हसलं नाही. गुरुजी म्हणाले, "तात्या, हात उठायच्या आधी अंगात कुठं सुरुवात होते, ते बघा. तिथंच ओळखलं तर उठून बाहेर जाता येतं."

त्यानं बघितलं. मानेच्या मागं, केस संपतात तिथं, आधी गरम व्हायचं. मग दंडात उतरायचं. मान गरम झाली की भानुदास जेवता जेवता ताट सोडून उठायचा आणि पाटाच्या कडेनं चालत सुटायचा. भागुबाईला आधी वाटलं, बाहेर काही भानगड जमलेली दिसते. ती गुपचूप त्याच्या मागं गेली, तर नवरा एकटाच पाटाच्या भरावावर बसून पाण्याकडं बघतोय. ती परत आली, पण तिचा विश्वास काही बसला नाही. इतक्या वर्षांचा मार असा एका विहारानं जातो होय? तरी वर्ष सरत आलं, आणि त्यानं तिला बोट लावलं नव्हतं.

सर्जेराव निघून गेल्यावर भागुबाईनं विळा घेतला. "मी वाढं आनाय चाललेय. म्हशीला काय न्हाय."

उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढं. टोळी तोडून टाकते आणि गावातल्या बाया जनावरांसाठी पेंढ्या बांधून नेतात. भानुदासनं घरात बसून राहायचं मनात आणलं होतं. पण गेल्याच रविवारी गुरुजींना विचारलं होतं, "त्या दिवशी इंदापूरला जाऊन बसू का?" तर ते म्हणाले, "पळून जाऊन पाळलं तर ते शील नाही तात्या, ती रजा झाली." म्हणून तो उठला आणि काठी न घेता बायकोच्या मागं निघाला.

फडाभोवती गाव लोटलं होतं. भानुदास त्या बाजूला गेलाच नाही. तोडून मोकळ्या झालेल्या रानात पाटाच्या भरावालगत बाया वाढं गोळा करत होत्या, तिथं तो फडाकडं पाठ करून बसला आणि पेंढ्या बांधू लागला. कोपऱ्यावर, त्याच्या नेहमीच्या जागी, सौरभ उभा होता. पांढरे बूट घालून आला होता.

मग हाकारे सुरू झाले. डबे वाजले. पहिला ससा उडाला असावा, कारण एकदम हुर्यो झाला आणि काठ्यांचा मार जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग ससा ओरडला. ससा मरताना लहान पोरासारखा ओरडतो, ते भानुदासला नव्यानं ऐकू आलं. आजवर तो ओरडायच्या आतच काम संपवायचा. हे लोक दहा काठ्या मारत होते आणि ससा मरत नव्हता. पुढं मुंगूस निघालं, ते कुत्र्यांनी दोन्हीकडून ओढून फाडलं. लोक हसत होते. कुणीतरी ओरडलं, "भानुदास, बांगड्या भरल्यास का रं?"

त्याची मान गरम झाली. त्यानं ओळखलं. पेंढीची गाठ एवढी आवळली की वाढं तुटलं. उठून पाटाकडं जावं असं मनात आलं, आणि जायला हवं होतं, पण भागुबाई दहा पावलांवर वाकून शेंडे उचलत होती. तिला सोडून जाववेना.

"डुक्कर! डुक्कर फुटलं! कोपऱ्यावर!"

तो वळला तेव्हा सौरभ काठी टाकून भरावापलीकडं उडी मारत होता. डुक्कर मोठं होतं, सुळेवालं, एक डोळा काठीनं फुटलेला. मोकळ्या कोपऱ्यातून ते सरळ बायांच्या अंगावर आलं. टोळीतली एक बाई आडवी आली, तिला त्यानं मांडीपासून उचलून बाजूला फेकलं. बाकीच्या किंचाळत पळाल्या. भागुबाई पळाली नाही. ती पाठमोरी वाकलेली होती आणि जनावर तिच्या डाव्या बाजूनं येत होतं. त्या कानात तिला काही ऐकू येत नव्हतं.

तो कान कुणी घालवला, हा विचार भानुदासच्या डोक्यात त्या क्षणी आला. आला तसा गेला. समोर टोळीचा कोयता पडला होता, तो त्याच्या हातात होता, आणि पहिला घाव डुकराच्या मानेत बसला होता.

डुक्कर फिरलं. दुसरा घाव नाकाडावर. ते गुडघ्यांवर आलं, तोंडातून फेस आणि रक्त फुत्कारत पुन्हा उठायला लागलं. तिसऱ्या घावाला मानेचं हाड तुटल्याचा आवाज आला. त्यानंतर मारायची काहीच गरज नव्हती. भानुदास मारत राहिला. डोक्यावर मारलं, पाठीवर मारलं, पोट फुटलं तरी मारलं. रक्त तोंडावर उडत होतं, ओठांवर खारट लागत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. वर्षभर कोंडलेलं सगळं दंडातून मोकळं होत होतं. त्याला थांबायचंच नव्हतं.

मागून खांद्यावर हात पडला. "आवं, मेलं ते. बास."

तो गरकन वळला. समोर भागुबाई होती. त्यानं तिचा चेहरा बघितला, ही भागुबाई आहे हे त्याला कळलं, आणि तरीही कोयता खाली आला.

तिच्या हातात वाढ्याची पेंढी होती, ती तिनं छातीपुढं धरली. कोयता पेंढीत अर्ध्याच्या वर घुसला आणि अडकला. दोघं तशीच उभी राहिली, मध्ये ती पेंढी. भागुबाईचे डोळे मिटलेले होते. मग तिनं ते उघडले, पेंढीतून कोयता उपसला, खाली टाकला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "न्हाय लागलं. गप ऱ्हावा."

फुटलेली पेंढी तिनं बाकीच्या ढिगात ढकलली तोवर गाव येऊन पोहोचलं होतं. कुणी काही बघितलं नव्हतं. सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की भानुदासनं एकट्यानं डुक्कर आडवं केलं आणि बायकोला वाचवलं. सर्जेरावांनी त्याला रक्तासकट मिठी मारली. मांडी फाटलेल्या बाईला ट्रॅक्टरमध्ये घालून इंदापूरच्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर होती, बचावणार होती. शाळेच्या सुट्टीत संघपाल गुरुजी धावत आले. त्यांनी भानुदासला बाजूला घेतलं.

"तात्या, मन घट्ट करा. तुमच्या मनात मारणं नव्हतं, राखणं होतं. याला मी घसरणं म्हणणार नाही."

भानुदासनं तोंड उघडलं. पण भोवती माणसं होती, सगळी त्याच्याकडं कौतुकानं बघत होती, आणि त्यानं ते पुन्हा मिटलं.

घरी भागुबाईनं पाणी तापवलं. त्याच्या कोपरापर्यंतच्या हातांवर तिनं तांब्यानं पाणी ओतलं. न्हाणीतून लाल ओघळ वाहत राहिला.

"भावाकडं निरोप धाडलाय, दिशा यील चारच्या गाडीनं," ती म्हणाली. "तिला काय बी सांगायचं न्हाय. माझ्या अंगाला वळ न्हाय. बास झालं."

"तुला भ्या वाटलं?"

"डुकराचं?"

"माझं."

तिनं तांब्या खाली ठेवला. "डुकराला मी कोन ते ठावं न्हवतं," ती म्हणाली आणि आत भाकरी थापायला गेली.

भानुदास न्हाणीच्या दगडावर तसाच बसून राहिला. म्हणजे तिलाही कळलं होतं. त्याला वाटत होतं, ते फक्त त्यालाच ठाऊक आहे.

दिशा आली. उंची वाढली होती, केस एका वेणीत. तिनं आधी आईला उजेडात आणलं, दोन्ही दंड बघितले, मान बघितली, पदर सारून पाठ बघितली. भागुबाई हसत होती, नको नको म्हणत होती आणि एका दमात सांगत होती, "आगं, डुक्कर माझ्या अंगावर आलं हुतं! ह्येंनी वाचवलं. नुस्त्या कोयत्यानं. साऱ्या गावाला इचार. वरीस झालं, मला बोट लावलं न्हाय. तुझी आन!"

दिशानं बापाकडं पाहिलं. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच. मग तिनं खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली, स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्याली, आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, तुमी जेवलासा का?"

एवढ्यासाठी त्या माणसानं वर्षभर मान सांभाळली होती. त्याला गप्प बसायचं होतं. फक्त गप्प बसायचं, आणखी काही नाही. सगळं जग त्याच्या बाजूनं होतं, बायकोसुद्धा.

"दिशा, बाहेर ये," तो म्हणाला. "आई खरं सांगत न्हाय. डुक्कर मेल्यावर ती मला आवरायला आली. मी तिच्यावर कोयता चालवला. मधी पेंढी हुती म्हनून वाचली. न्हायतर आत्ता तू मातीलाच आली असतीस."

दिशा उंबऱ्यात थांबली. "चुकून?"

"न्हाय. मी बघितलं हुतं कोन हाय ते."

मग भागुबाई चुलीपुढून उठली, पिठाच्या हातांनी आली आणि तिनं नवऱ्याच्या तोंडात मारली. एक, मग दुसरी. मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. "गप बसायला काय झालं हुतं? माझी पोरगी राहिली असती! मी सोसलंय का तुमी? माझं मी बघून घेतलं असतं! तुमाला कुनी इचारलं हुतं?" त्याचा ओठ फुटला. सदऱ्यावर पिठाचे ठसे उमटले. तो हात खाली सोडून उभा होता. मान गरम झाली नाही. तिचे हात थकेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

दिशानं आईला मागून धरलं, तेव्हा भागुबाई खाली बसली आणि रडायला लागली. असं मोठ्यानं ती कधीच रडली नव्हती. मार खातानाही नाही.

"मला का सांगितलं?" दिशानं विचारलं.

"रविवारी विहारात सांगायचंच हाय. आधी तुला सांगायला पायजे हुतं." त्यानं ओठ पुसला. "मला वाटलं हुतं, मी सुधारलो. न्हाय सुधारलो. अजून लय बाकी हाय. आईला घेऊन जा."

संध्याकाळच्या बारामती गाडीला थांब्यावर फारसं कुणी नव्हतं. सर्जेरावांच्या घरी मटण शिजत होतं, गाव तिकडं लोटलं होतं. वाटेत गेणूनं हटकलं, "तात्या, डुकराचं मुंडकं तुमच्या वाट्याचं हाय, आबानं सांगितलंय," तर भानुदास "तूच घे" म्हणाला आणि बायकोचं गाठोडं उचलून पुढं चालत राहिला. गेणूचे डोळे तांबारलेले होते. तोही घसरला होता.

गाडी आली. भानुदासनं गाठोडं वर चढवून दिलं. भागुबाई आत जाऊन खिडकीशी बसली. दिशा पायरीवर थांबली.

"तिला परत कवा आनू?"

"मी सांगंन तवा न्हाय. ती म्हनंल तवा."

"आन तिनं न्हाय म्हनलं तर?"

त्यानं 'चालंल' अशी मान हलवली. एवढंच. दिशा क्षणभर त्याच्या फुटक्या ओठाकडं बघत राहिली आणि आत गेली.

कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता. ड्रायव्हरनं तंबाखू मळायला घेतली. भानुदास खिडकीखाली जाऊन उभा राहिला. काही बोलावं, निदान म्हशीचं तरी काही विचारावं, म्हणून त्यानं वर बघितलं.

भागुबाई झोपली होती. पोरीच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड थोडंसं उघडं ठेवून गाढ झोपली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको झोपलेली त्यानं कधी पाहिलीच नव्हती. तो झोपल्याशिवाय ती पाठ टेकत नसे, आणि तो उठायच्या आत उठलेली असे. झोपेत तिचा चेहरा असा दिसतो, हे त्याला आज कळत होतं.

दिशानं त्याच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. तो दोन पावलं मागं सरला.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, खड्ड्यातून आदळली, वळणावर गेली. भागुबाई जागी झाली नाही.